देवाच्या तळ्यातला शाकाहारी

आमच्या धंद्यात चांगली बातमी द्यायला कुणी फोन करत नाही. मासे मजेत आहेत, नीट खाताहेत, एवढंच सांगायला बेळगावात आजवर एकाही माणसानं माझा नंबर फिरवलेला नाही. फोन आला की समजायचं, कुणाचा तरी मासा उलटा झालाय, तिरका पोहतोय, नाहीतर सकाळपासून दिसत नाही. रिंग वाजली की आमची बायको स्वयंपाकघरातून विचारते, "कोण गेलं?"

मी मासेवाला खरा, पण खायच्या माशांचा नव्हे. काचेच्या टाक्या बांधायच्या, त्यात शोभेचे मासे सोडायचे आणि नंतर घरोघर जाऊन त्या टाक्या साफ करायच्या, हे माझं काम. कन्नडमध्ये माशाला मीनु म्हणतात, त्यामुळे अर्धा जिल्हा मला मीनअण्णा म्हणून ओळखतो. माझं खरं नाव आता फक्त बँकेला ठाऊक आहे.

शहापुरात आमचं घर विणकराचं. वडील खड्ड्याच्या मागावर बसून साड्या विणायचे. माग बंद पडला तेव्हा त्या खड्ड्याला मी आतून सिमेंट लावलं आणि नळाचं पाणी त्यात साठवून ठेवू लागलो. नळाच्या पाण्यातलं औषध उडून गेल्याशिवाय ते माशांना चालत नाही. वडील खड्ड्याच्या काठावर उभे राहून म्हणाले, "मी ह्यात पाय घालून तुम्हांस्नी वाढवलं. तू ह्यात काय वाढवणार?"

"पाणी," मी म्हणालो.

त्यांना ती थट्टा वाटली, पण धंद्याचं सगळं मर्म तेवढंच आहे. आम्ही मासे सांभाळत नाही, पाणी सांभाळतो. नव्या टाकीचं पाणी लोणच्यासारखं मुरावं लागतं. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वस्तीला येतात आणि माशांची घाण पचवतात. लोकांना हे सांगितलं की ते मान हलवतात आणि दुसऱ्याच दिवशी टाकी घासून, पुसून, फिनेल लावून चकचकीत करतात. मग फोन येतो.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर दिवस पुरणार नाही. टिळकवाडीच्या एका बाईंनी दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आपल्या गोल्डफिशनाही कोमट पाणी आणि थोडं उटणं दिलं. घरात सगळ्यांनी अभ्यंगस्नान करायचं आणि माशांनीच का राहायचं, हा त्यांचा प्रश्न. फोनवर म्हणाल्या, "मीनअण्णा, वास लई छान येतोय, पण मासे झोपलेत." उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या मालकांना ऑफिसात समुद्र हवा होता, खऱ्या प्रवाळासकट. खरं प्रवाळ घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "मग ओतून घेतो की," आणि खरोखर साच्यातून लोखंडाचं प्रवाळ ओतून घेतलं. ते खाऱ्या पाण्यात असं गंजलं की समुद्र चहासारखा दिसायला लागला.

पण सांगायची आहे ती गोष्ट निपाणीच्या सावकारांची.

सावकार नुसते नावाचे. सावकारी त्यांनी कधी केली नाही, धंदा तंबाखूचा. गावाबाहेर मोठी वखार, गावात मोठं घर, आणि घर असं पक्कं शाकाहारी की लसूणसुद्धा परसातल्या चुलीवर. त्यांना कुणा वास्तुवाल्यानं सांगितलं, दिवाणखान्यात काळा मासा ठेवा, घरावरचं अरिष्ट तो अंगावर घेतो. सावकार स्वतः कोल्हापूरला जाऊन एक मासा घेऊन आले आणि टाकी बसवायला मला बोलावलं. मासा बोटाएवढा होता. काळी पाठ, पांढरं पोट, लांब मिश्या आणि लालभडक शेपूट. रेडटेल कॅटफिश. हा मूळचा दूरच्या ॲमेझॉन नदीचा. दिसायला बाळ, पण वाढला की माणसाच्या मांडीएवढा होतो आणि तोंडात मावेल ते सगळं गिळतो.

मी तिथंच सांगितलं, "सावकार, हा शिकारी मासा हाय. ह्याला मांस लागतंय."

"आमच्यात न्हाय चालत," सावकार म्हणाले. जणू मासा घरात सून म्हणून आला होता.

त्याचं नाव ठेवलं युवराज. त्याला भिजवलेले हरभरे, चपातीचे तुकडे आणि मी दिलेल्या गोळ्या मिळायच्या. त्या गोळ्या कशाच्या असतात हे सावकारांनी विचारलं नाही आणि डब्यावरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नव्हती. सोबतीला म्हणून त्यांनी टाकीत गोल्डफिश सोडले. एकेक करून ते नाहीसे झाले. सावकारांनी चौकशी केली आणि दोष घरातल्या मांजरावर आला. टाकीला झाकण होतं, झाकणावर गणपतीची मूर्ती होती, तरी दोष मांजरावरच. मी म्हणालो, "सावकार, मांजर न्हवं, युवराज." ते पोट धरून हसले. "हरभरे खाणारा जीव तो! मीनअण्णा, तुम्ही बी काय!" मांजराची रवानगी सदलग्याला बहिणीकडे झाली.

सावकार रोज संध्याकाळी वखारीतून आले की काचेवर अंगठीनं टकटक करायचे आणि "युवराज, ये रं राजा" म्हणायचे. तो धावत काचेपाशी यायचा. सावकार झाकण सरकवून आत हात घालायचे आणि तो हातावर डोकं घासायचा. एकदा तेच जड झाकण माझ्या हातून निसटून त्याच्या एका मिशीवर पडलं आणि मिशी अर्धी तुटली. सावकार माझ्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाहीत. पोरं परदेशात, बायको देवाघरी. त्या घरात हाकेला येणारा तेवढाच एक होता, हे मला दिसत होतं.

टाकी बदलली, पुन्हा बदलली. शेवटी युवराजला वळायला जागा उरेना. मग एक दिवस गेलो तर टाकी रिकामी. "दिला एका ठिकाणी," सावकार म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. मी जास्त खोदलं नाही.

पुढं बऱ्याच काळानं सावकारांचा फोन आला. आवाज पंचाचा. त्यांच्या मूळ गावी, निपाणीपासून जवळच, महादेवाचं देऊळ आहे आणि देवळापुढं पायऱ्यांचं दगडी तळं. तळ्यातले मासे देवाचे. तिथं कुणी गळ टाकत नाही, जाळं टाकत नाही. लोक जत्रेला येतात तेव्हा चुरमुरे टाकतात आणि पाण्याला उकळी फुटावी तसे मासे वर येतात. सावकार त्या देवळाच्या पंचांचे प्रमुख.

"मासे चोरीला चाललेत," ते म्हणाले. "रोग न्हाय, एवढं तुम्ही बघून सांगा. पुढचं आम्ही बघतो."

"संशय कुणावर हाय?"

"गंगूआक्कावर."

गंगूआक्का म्हणजे देवळाची गुरवीण. माशांना रोज सकाळी खाऊ घालायचा मान तिच्या सासरकडचा, आणि नवरा गेल्यापासून तीच तो चालवत आलेली. तिचा भाचा हायवेला खानावळ चालवतो. पंचांनी एकात एक मिळवलं होतं. सोमवारी तळ्यावर बैठक बसणार होती आणि जत्रेच्या आत आक्काकडून माशांची सेवा काढून घेणार होते. चोर ठरवून.

मी रविवारी गेलो. माझं काम पाण्याचं आहे, पाण्याकडे बघून मला घरातली भांडणं कळतात. पाणी हिरवं गच्च झालं होतं. पायऱ्यांवर बोटभर शेवाळ. डासांचे थवे. आक्का खालच्या पायरीवर बसून चुरमुरे टाकत होती. "या गं बायांनो, या," म्हणत होती. चुरमुरे पाण्यावर तरंगत होते, त्यांना कुणी विचारत नव्हतं.

"पयलं हात पाण्यात घातला की बोटं चाटायचे," आक्का म्हणाली. "आता कुणीच येत न्हाय. मी काय केलं असंल रं?"

"भाच्याच्या खानावळीचं म्हणत्यात लोक."

"भाचा अंडीसुद्धा रडत रडत फोडतोय. त्यो मासे काय मारणार!" मग इकडं तिकडं बघून तिनं आवाज खाली आणला. "एक हाय अजून. मोठा. देवानं राखणीला पाठवलाय. त्येला मी गूळखोबरं घालते, पण खात न्हाय. बघतोय नुसता."

तिनं पाण्यावर हात हलवला. हिरव्या पाण्यातून एक काळी पाठ वर आली, मांडीपेक्षा जाड. पांढरं पोट. लाल शेपूट. एक मिशी लांब आणि एक अर्धी.

मी पायरीवरच बसलो. बसलो कसला, शेवाळावरून घसरत दोन पायऱ्या खाली गेलो.

तसाच ओल्या पँटनं सावकारांच्या घरी गेलो. "युवराज कुणाला दिला तुम्ही?"

"देवाला," सावकार अभिमानानं म्हणाले. "मारायचा कसा? विकायचा कसा? घरचा जीव. गुरुजी आणले, नारळ फोडला, हळदकुंकू लावून सोडला. पुण्याचं काम. बोभाटा कशाला करायचा?"

"त्योच खातोय मासे."

"मीनअण्णा, त्यो हरभरे खातोय."

मी त्यांना समजावलं, जमेल तेवढ्या शांतपणे. आपल्या बाजूच्या समुद्रात एक काटेरी, पट्ट्यापट्ट्यांचा देखणा मासा असतो, लायनफिश. लोकांनी तो शोभेला पार अमेरिकेला नेला आणि कंटाळा आल्यावर तिकडच्या समुद्रात सोडला, असं जाणकार म्हणतात. तिथं प्रवाळाच्या आसऱ्यानं बारकी मासळी राहते. तिनं असला मासा कधी पाहिलेला नाही. तो पंख पसरून शेजारी येऊन उभा राहिला तरी ती पळत नाही, पाहुणा आहे समजते. तो गिळत जातो. त्याला तिथं खाणारं फारसं कुणी नाही. बारक्या मासळीतले काही प्रवाळावरचं शेवाळ चरून साफ ठेवणारे असतात. ते गेले की शेवाळ माजतं, प्रवाळ गुदमरतं, आणि ज्याच्या आधारानं सगळे जगत होते ते घरच बसतं. "तुमच्या तळ्यात तेच झालंय. देवाचे मासे तर माणसाच्या हाताला सोकावलेले, सावली दिसली की तोंड उघडून पुढं येणारे. युवराजला शिकार करावी बी लागली नसंल. शेवाळ खाणारे गेले, डासाच्या अळ्या खाणारे गेले. पायऱ्या बघितल्या न्हाईत काय?"

सावकारांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अमेरिकेत गेलेला मासा बिघडणारच. तिथलं वातावरणच तसं."

मला राग आला. माणसाला राग यावा तसाच आला. मी म्हणालो, "सावकार, मांजराला सदलगा होता. त्या म्हातारीला कुठं पाठवणार?"

मी चहा न घेता निघालो. माझं मोठं गिऱ्हाईक गेलं, हे बसमध्ये बसल्यावर जाणवलं.

सोमवारी पुन्हा गेलो, कुणी बोलावलं नसताना. गाव तळ्याभोवती जमलं होतं. पंच वरच्या पायरीवर खुर्च्या टाकून. आक्का खाली उभी, पदर घट्ट आवळून. सावकार पांढऱ्याशुभ्र धोतरात, पण चेहरा उतरलेला. रात्रभर झोप नसावी.

एक पंच म्हणाला, "आक्का, मासे गेले कुठं तेवढं सांगा."

"पिंडीवर हात ठिवून सांगते, मला ठाव न्हाय," आक्का म्हणाली. "सेवा काढायची तर काढा. पर चोर म्हणू नका. ह्या वयात चोर म्हणून मी कुठल्या पायरीवर बसू?"

मी सावकारांकडे पाहिलं. पंचांच्या वतीनं त्यांनीच बोलायचं होतं. मी म्हणालो, "सावकार, एकदा खाली जाऊन हाक मारून बघा. न्हाय आला तर मी धंदा सोडतो."

"कोण यायचंय?" गावानं विचारलं.

सावकार उठले. माझ्यावर डाफरायला उठले की आक्काशी बोलायला, ते त्यांनाच ठाऊक. दोन पायऱ्या ते रुबाबात उतरले. तिसऱ्या पायरीवर त्यांनी वाढू दिलेलं शेवाळ होतं. पुढचं अंतर त्यांनी बसून कापलं, भलत्याच वेगानं, आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहिले. एक चप्पल तरंगत तळ्याच्या मध्याकडे निघाली. आधारासाठी त्यांनी दगडावर हात मारला आणि अंगठी वाजली. टक. टक.

पाण्यात एक रेघ उठली आणि सरळ त्यांच्याकडे निघाली. बाया ओरडल्या. कुणीतरी "मगर!" म्हणालं आणि दोन पंच खुर्च्यांसकट मागं पळाले. सावकार मात्र हलले नाहीत. ती काळी पाठ त्यांच्या पोटाशी आली, थांबली, आणि त्या राक्षसानं त्यांच्या तळहातावर डोकं घासलं.

"युवराज," सावकार म्हणाले. आवाज असा आला, जणू हरवलेलं लहान पोर सापडलं. "केवढा झालास रं राजा!"

सगळ्या गावानं ऐकलं. त्यानंतर तळ्यावर एवढी शांतता पसरली की चप्पल बुडाल्याचाही आवाज आला.

युवराजला बाहेर काढायचं तर जाळं चालणार नव्हतं, देवाचं तळं. गळ तर नाहीच. शेवटी सावकारांनीच त्याला दोन्ही हातांत उचललं, मी खालून आधार दिला, आणि वखारीतून आणलेल्या पाण्याच्या पिंपाकडे आमची वरात निघाली. हा मासा घाबरला की पोटातलं बाहेर टाकतो, हे मला माहीत होतं, पण सांगायला सवड मिळाली नाही. नेमका पंचांच्या खुर्च्यांपुढं आल्यावर शाकाहारी युवराजानं तोंड उघडलं आणि पायरीवर एक अर्धा पचलेला रोहू ठेवला.

"हरभरा लई मोठा हाय की," मागून कुणीतरी म्हणालं.

आक्का हसली नाही. ती खाली वाकली, तो रोहू पदरात घेतला आणि तळ्याकाठच्या जास्वंदीखाली पुरला. मग सावकारांपुढं येऊन उभी राहिली. सावकारांचं धोतर हिरवं, एक पाय अनवाणी.

"आक्का, तुमची सेवा तुमच्याकडंच," ते कसेबसे म्हणाले. "चालू ठेवा."

"माझी चालूच हाय," आक्का म्हणाली. "माशांचं यायचं थांबलंय. तुमच्या हाकेला तुमचा आला. माझे राहिलेत त्ये कुणाच्याच हाकेला येत न्हाईत. त्ये आता भ्यायला शिकल्यात. त्ये येईपातुर तुम्ही बी बसायचं इथं."

हा दंड कुठल्या कायद्यात बसतो ते कुणी विचारलं नाही.

युवराज सध्या वखारीमागच्या सिमेंटच्या मोठ्या हौदात आहे. त्याचं जेवण मी बेळगावातूनच पाठवतो. सावकारांचा ड्रायव्हर डबा तीन पिशव्यांत गुंडाळून नेतो आणि घरात 'औषध' म्हणून सांगतो. सदलग्याचं मांजर परत आणायला सावकार स्वतः गेले होते. मांजर आलं नाही. तिथं त्याला दूध साईसकट मिळतं, आणि शिवाय त्याचाही काही स्वाभिमान असावा.

पंचांनी तळ्यात रोहूची पिल्लं सोडली, पाणी मी दुरुस्त करत आणलं, पायऱ्या गावानं घासल्या. ह्या सगळ्याला उपाय असतो. माशांच्या भीतीला माझ्याकडे औषध नव्हतं. जे थोडे जुने उरले होते ते सावली दिसली की खोल जायचे, आणि त्यांच्यामागं नवी पिल्लंही. मी गेलो की दिसायचं, खालच्या पायरीवर आक्का, तिच्याहून दोन हात लांब सावकार, मध्ये चुरमुऱ्यांची पिशवी. दोघं बोलत नव्हते. सावकारांनी हाक मारायचा प्रयत्न केला की आक्का म्हणायची, "हळू. वखार न्हाय ही." बाजारपेठेत लोक हसत होते, तंबाखूचा सौदा सोडून सावकार माशांची वाट बघतात म्हणून. ते तरी जात होते. मला वाटायचं, हे मासे आता काही परत यायचे नाहीत, आणि ही दोन म्हातारी माणसं तिथंच बसून राहणार. वाईट वाटायचं, पण खोटा धीर देणं माझ्या स्वभावात नाही.

मागच्या महिन्यात सकाळी मी एका दवाखान्यातली टाकी साफ करत होतो. कोपरापर्यंत हात पाण्यात, आणि फोन वाजला. सावकार. ओल्या हातानं उचलला. माझ्याही तोंडातून सवयीनं निघालं, "कोण गेलं?"

पलीकडून कुजबुजल्यासारखा आवाज आला, मोठ्यानं बोललं तर काहीतरी पळून जाईल असा.

"मीनअण्णा, एक आला."

"कुठं?"

"पायरीला. आक्काच्या बोटाला तोंड लावून गेला."

"आणि तुमच्या?"

"माझ्या न्हाय अजून," सावकार म्हणाले. "बसतो मी."